गोव्यातल्या मराठीचा कॉर्पस: वर्गासाठी कसा उभारावा आणि कसा वापरावा

'माझी धाकटी बहीण शाळेतून आले आणि लगेच जेवायला बसले.' गोव्यात मराठी शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे वाक्य अनोळखी वाटणार नाही. कोकणीत लहान मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगी होतो आणि घरी कोकणी बोलणारा विद्यार्थी तेच लिंग मराठीत आणतो. हे दुरुस्त करावे लागते, याबद्दल दुमत नाही. त्याच वहीत पुढे 'मामलेदारांनी जागेची पाहणी केली' असे असेल, तर महाराष्ट्रातील परीक्षक कदाचित 'तहसीलदार' सुचवेल. परंतु गोव्यात त्या अधिकाऱ्याचे पदनामच मामलेदार आहे, म्हणून येथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. खरी अडचण या दोन टोकांच्या मध्ये असते. केपे या तालुक्याचे नाव 'केप्यात' लिहावे की 'केपेत'? 'शिगमो' लिहिणाऱ्याला 'शिमगा' करायला लावावे का? अशा वेळी आपण कानावर विसंबून निर्णय देतो, आणि दोन शिक्षकांचे कान दोन निरनिराळे निर्णय देतात.

गोव्यात लोक मराठी प्रत्यक्षात कशी लिहितात, हे मोठ्या प्रमाणावर आणि एकत्र पाहता आले, तर चूक आणि स्थानिक प्रयोग यांतील सीमा पुराव्याने आखता येते. असा पुरावा देणाऱ्या, विशिष्ट हेतूने निवडलेल्या आणि संगणकावर शोधता येईल अशा मजकूरसंग्रहाला कॉर्पस म्हणतात. फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवताना मी तो कसा उभारला आणि वर्गात कसा वापरला, ते येथे क्रमाने मांडत आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, पण चिकाटी मात्र हवी.

आधी प्रश्न, मग संग्रह

पहिली पायरी कागदावरची आहे. आपल्याला नेमके काय शोधायचे आहे, ते दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे. 'गोव्यातील मराठीचा अभ्यास' हा प्रश्न होत नाही. 'तालुक्यांच्या नावांची सामान्यरूपे वृत्तपत्रांत कशी होतात' हा प्रश्न होतो, आणि 'अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत लिंगाच्या चुका कोणत्या नामांपाशी होतात' हाही होतो. पहिल्या प्रश्नाला वृत्तपत्रे लागतील, दुसऱ्याला वह्या. प्रश्न न ठरवता मिळेल ते गोळा केले, तर फाइलींचा ढीग होतो, कॉर्पस होत नाही.

संग्रह किती मोठा असावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या इंग्रजी मजकुरातून सुमारे २,००० शब्दांचा एक, असे ५०० नमुने निवडून १० लाख शब्दांचा कॉर्पस तयार केला. त्याच आराखड्यावर आपल्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी मजकुरांचा कॉर्पस उभारला, जो कोल्हापूर कॉर्पस म्हणून जगभर ओळखला जातो. पुढे ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांपर्यंत गेला. हे आकडे पाहून बिचकण्याचे कारण नाही. 'आहे', 'आणि', 'नाही' यांसारख्या शब्दांचा अभ्यास ५० हजार शब्दांतही होतो, तर एखाद्या विरळ वाक्प्रचारासाठी १० लाख शब्दही अपुरे पडतात. शाळेच्या कामासाठी १ ते २ लाख शब्दांचे लक्ष्य पुरेसे आहे. एका मजकुरात सरासरी ३०० शब्द धरले, तर ४०० मजकुरांत १ लाख २० हजार शब्द होतात, आणि चार-पाच जणांच्या गटाला हे एका शैक्षणिक वर्षात जमते.

ब्राऊन आणि कोल्हापूर यांच्याकडून घ्यायची गोष्ट आकारापेक्षा आराखडा ही आहे. मजकूर कोणत्या प्रकारांतून घ्यायचा आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे त्यांनी आधी ठरवले. गोव्यात हे जास्तच महत्त्वाचे ठरते, कारण येथे अनेक घरांत बोलणे कोकणीत, तर वर्तमानपत्र, देवळातील कीर्तन आणि जत्रेतील नाटक मराठीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. केवळ वृत्तपत्रे घेतली तर संपादकीय संस्कार झालेली मराठीच हाती लागेल. मी सहा प्रकार ठरवले होते: बातम्या, अग्रलेख व स्फुटे, पंचायत-पालिकांच्या सूचना, जत्रोत्सवाच्या पत्रिका, गावात लिहिल्या गेलेल्या नाटकांच्या संहिता आणि विद्यार्थ्यांचे लेखन. पत्रिका आकाराने लहान असतात, पण त्यांतली मराठी इतरत्र सापडत नाही. 'तरी सर्व भाविकांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून' या धाटणीची वाक्ये विद्यार्थी निबंधात कोठून आणतात, हे त्या वाचल्यावर उमगते.

मजकूर मिळवणे आणि परवानगी

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात संशोधनासह खासगी उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे साहित्य प्रताधिकारमुक्त होते. आपल्या संगणकावर अभ्यास करणे आणि संपूर्ण कॉर्पस इतरांना वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाटायचा असेल तर लेखी परवानगी घ्यावी. नाटकाच्या संहितेसाठी लेखकाच्या घरी जाऊन विचारावे. बहुतेक लेखक आनंदाने देतात, आणि कित्येकदा हस्तलिखिताबरोबर त्या नाटकाची हकिगतही ऐकायला मिळते.

विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी पालकांची संमती घ्यावी, नावे काढून क्रमांक द्यावेत आणि मजकुरातून ओळख पटेल असे घराचे, वाड्याचे तपशीलही झाकावेत. शिवाय टंकलेखन करताना एकही चूक सुधारू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असेल तर चुकलेलेच टंकावे. भाषेवर प्रेम असलेल्या माणसाचा हात आपोआप सुधारणा करतो, म्हणून टंकलेल्या मजकुरापैकी काही पाने दुसऱ्याने मूळ वहीशी ताडून पाहावीत.

तुलनेसाठी गोव्याबाहेरची मराठीही लागते. मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत यांवरील मजकूर मुक्त परवान्याखाली उतरवून घेता येतो, आणि म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने मराठीसह अनेक भारतीय भाषांचे कॉर्पस तयार केले आहेत.

सफाई: सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत निर्णायक पायरी

प्रत्येक मजकूर स्वतंत्र, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ या संकेतनात (अक्षरे संगणकावर साठवण्याच्या पद्धतीत) साठवावा. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला की पुष्कळदा रोमन अक्षरांची रांग मिळते, कारण तो युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. अशा वेळी फॉन्टनुसार रूपांतर करावे किंवा पानाचे चित्र घेऊन अक्षरओळख करणाऱ्या साधनाकडून वाचून घ्यावे. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचते, मात्र जोडाक्षरे आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

यानंतर येतो तो भाग, ज्यावर मी माझे दोन महिने घालवले. माझ्या पहिल्या शब्दयादीत 'या' हा शब्द अवाजवी वर होता आणि यादीत 'किनार्' असा एक तुकडा दिसत होता. कारण शोधता शोधता कळले ते असे. 'किनाऱ्यावर' या शब्दातील 'ऱ्य' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि मग 'य' असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि मग 'य' असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु तो अदृश्य जोडक अक्षरही नव्हे आणि चिन्हही नव्हे, म्हणून शब्दमोजणीचे साधन तेथे शब्द तोडते: 'किनार्' वेगळा आणि 'यावर' वेगळा. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'शेतकऱ्यांना' या सर्वांचे असेच तुकडे झाले होते आणि त्यामुळे 'या' फुगला होता. उपाय सोपा आहे: सर्व फाइलींत 'र, हलन्त, जोडक' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्त' असा बदल एकदम करावा. 'ॲ' हे अक्षरही असेच दोन प्रकारे लिहिले जाते, एकसंध किंवा 'अ' वर चंद्र देऊन. त्यांपैकी एकच पद्धत सर्वत्र करून घ्यावी.

जुने मजकूर घेणाऱ्यांनी आणखी एका बाबीकडे पाहावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे आहेत आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या छपाईत उच्चार नसलेले अनुस्वार सर्रास येतात, त्यामुळे तेथील 'घरांत' हे एका घरासंबंधी असू शकते आणि आजच्या मजकुरातील 'घरांत' हे अनेक घरांसंबंधी असते. हे अनुस्वार पुसू नयेत. जुने मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांची मोजणी वेगळी करावी. नाटकातील 'केलं' आणि बातमीतील 'केले' यांचेही एकीकरण करू नये, कारण तो फरक बोली आणि लेखी शैली यांतला आहे आणि तोच आपल्याला अभ्यासायचा आहे.

प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात करावी: क्रमांक, प्रकार, वर्ष, ठिकाण, शब्दसंख्या, परवानगी मिळाली का. मूळ प्रत आणि साफ केलेली प्रत, दोन्ही जपाव्यात.

साधन आणि त्याची पहिली परीक्षा

जपानमधील वासेदा विद्यापीठातील लॉरेन्स अँथनी यांनी तयार केलेले अँटकॉन्क हे मजकूरसंग्रहातील शब्द मोजण्याचे आणि शोधण्याचे साधन मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि शाळेतील जुन्या संगणकालाही झेपते. फाइली चढवण्यापूर्वी शब्दाची व्याख्या ठरवण्याच्या जागी 'लेटर' या वर्गाबरोबर 'मार्क' हा वर्गही निवडलेला आहे याची खात्री करावी. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त युनिकोडमध्ये 'मार्क' या वर्गात मोडतात. तो वगळला तर 'किनारा' या शब्दाचे 'क', 'न', 'र' असे तीन शब्द मोजले जातात. मोठा संग्रह चढवण्याआधी दहा शब्दांची एक छोटी फाइल करून तिच्यावर हे तपासावे.

सर्व नीट असेल तर शब्दयादीच्या माथ्यावर 'आहे', 'आणि', 'या', 'व', 'नाही' असे शब्द येतात, आणि तळाशी एकदाच आलेल्या शब्दांची लांबलचक रांग लागते. थोड्या शब्दांचा पुष्कळ वापर आणि पुष्कळ शब्दांचा थोडा वापर, हे प्रत्येक भाषेत दिसते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्याने ती रांग आणखी लांबते.

शोध घेणे: 'लक्ष' या एका शब्दावरून

मराठीत शोध घेण्याची सगळी गुंतागुंत 'लक्ष' या शब्दात दिसते. नुसते 'लक्ष' शोधले तर 'लक्षात' निसटते, आणि 'लक्षात येणे', 'लक्षात घेणे', 'लक्षात ठेवणे' हे सारे प्रयोग हातचे जातात. म्हणून तारांकन लावून 'लक्ष*' असा शोध द्यावा, तर 'लक्षण', 'लक्षणीय' आणि 'लक्षाधीश' येतातच, शिवाय 'लक्ष्य', 'लक्ष्मण' आणि 'लक्ष्मीपूजन'ही येतात, कारण संगणक अक्षरांची रांग पाहतो आणि 'लक्ष्मी'ची सुरुवात 'लक्ष' अशीच होते, पुढे हलन्त आहे एवढेच. 'घर*' शोधल्यावर 'घर्षण' येते ते याच कारणाने. 'पाणी' शोधून 'पाण्यात' मिळत नाही आणि 'माणूस' शोधून 'माणसाला' मिळत नाही. यावर माझा तोडगा असा, की सामान्यरूपांची यादी हाताने करावी: 'लक्ष', 'लक्षात', 'लक्षाने' असे हवे तेवढेच शब्द एकत्र शोधावेत, 'माणूस' आणि 'माणस*' असे दोन शोध एकापाठोपाठ द्यावेत. पाच मिनिटे जातात, पण निकाल विश्वासार्ह मिळतो.

शोधाचा निकाल संदर्भओळींच्या रूपात येतो: शोधलेला शब्द मधोमध आणि दोन्ही बाजूंना त्याचा शेजार. नमुन्यासाठी सुटसुटीत केलेल्या या काही ओळी पाहाव्यात (खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन).

खाजन शेतीच्या प्रश्नात आमदारांनी लक्ष घालावे, अशी मागणी
किनाऱ्यावर जीवरक्षक पर्यटकांवर लक्ष ठेवून असतात
फलकाने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष वेधून घेतले
आईने माझ्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही
साऱ्या गावाचे निकालाकडे लक्ष लागले आहे
बांधकामासाठी दोन लक्ष रुपये मंजूर

उजवीकडचा शेजार शब्दक्रमाने लावला की क्रियापदांचे गट आपोआप वेगळे पडतात. आता डावीकडे पाहावे. 'देणे' आणि 'लागणे' यांच्या आधी 'कडे' येते, 'ठेवणे' च्या आधी 'वर', 'घालणे' च्या आधी 'त', आणि 'वेधणे' च्या आधी 'चे'. हा नियम मी कितीतरी वर्षे शिकवत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी फक्त चुकलेले वाक्य खोडून बरोबर वाक्य लिहून देत होतो. ओळी समोर ठेवल्यावर तो नियम विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितला.

आकडे वाचताना

दोन वेगवेगळ्या आकाराच्या संग्रहांतील संख्या थेट ताडून पाहू नयेत. समजा, १ लाख २० हजार शब्दांच्या वृत्तपत्रसंग्रहात एक शब्द ४८ वेळा आला आणि ५० हजार शब्दांच्या विद्यार्थीसंग्रहात ३० वेळा आला, तर पहिल्यात १० हजार शब्दांमागे ४ आणि दुसऱ्यात ६ असे प्रमाण पडते. म्हणजे विद्यार्थी तो शब्द जास्त वापरतात. पण मग तो किती फाइलींत आला हेही पाहावे. तीसपैकी पंचवीस वेळा एकाच निबंधात आला असेल, तर ती एका विद्यार्थ्याची सवय आहे, वर्गाची नव्हे.

एका संग्रहात दुसऱ्याच्या तुलनेने ठळकपणे जास्त येणारे शब्द साधन स्वतः काढून देते. त्यासाठी लॉग-लाइकलीहूड नावाचे माप वापरतात, ते ३.८४ च्या वर गेले की फरक योगायोगाचा असण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी मानतात, आणि ६.६३ च्या वर गेले की १ टक्क्याहून कमी. मी शेकडो शब्द एकदम तपासताना दुसरी मर्यादाच धरतो. गोव्यातील वृत्तपत्रीय मजकूर बाहेरच्या मराठीशी ताडून पाहिला की 'मामलेदार', 'कोमुनिदाद' (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), 'खाजन', 'शिगमो' असे शब्द वर येतात. त्यांत 'कदंब' भेटला तर थांबून त्याच्या ओळी अवश्य उघडाव्यात. गोव्यात कदंब म्हणजे झाड, राजघराणे आणि राज्य परिवहनाची बस, असे तीन अर्थ आहेत, आणि प्रत्ययावरून ते ओळखता येतात: 'कदंबाचे झाड', 'कदंबांची राजवट', पण 'कदंबची बस'. महामंडळाचे नाव झाल्यावर शब्दाने सामान्यरूप टाकून दिले. व्याकरणाच्या तासाला विशेषनामांचे सामान्यरूप शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

वर्गात

शब्दाला त्याच्या शेजारावरून ओळखण्याचा आग्रह बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांनी धरला आणि त्यांच्या देखरेखीखाली १९८७ मध्ये कॉर्पसवर आधारित कोबिल्ड हा इंग्रजी शब्दकोश निघाला. त्याच विद्यापीठातील टिम जॉन्स यांनी संदर्भओळी थेट विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची पद्धत रुजवली. त्यासाठी संगणक कक्ष लागत नाही. छापलेला एक कागद पुरतो.

एका कागदावर आठ ते बारा ओळी घ्याव्यात. ओळी निवडताना अवघड आणि अर्धवट वाक्ये वगळली तरी चालतील, पण नियमाला न जुमानणारी एखादी ओळ मुद्दाम ठेवावी. वरच्या नमुन्यातील 'दोन लक्ष रुपये' तशी आहे. मधला शब्द झाकून तो ओळखायला सांगावा. मग गट पाडायला सांगावेत, प्रत्येक गटाला नाव द्यायला सांगावे, आणि सर्वांत शेवटी नियम विद्यार्थ्यांच्या शब्दांत फळ्यावर लिहावा. शिक्षकाने मधेच उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. चाळीस मिनिटांच्या तासात एकच शब्द होतो. दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

लिंगाच्या चुकांसाठी मी विद्यार्थीसंग्रहातील 'बहीण', 'मुलगी', 'भाची' या शब्दांच्या ओळी आणि बातम्यांतील त्याच शब्दांच्या ओळी शेजारी-शेजारी छापतो आणि कोकणीत हे वाक्य कसे म्हणाल, हेही तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगतो. घरची भाषा वर्गात आणल्याने मुले संकोचत नाहीत. आपली चूक कोठून येते हे कळल्यावर ती शरमेची गोष्ट राहत नाही.

यातून शाळेसाठी एक वही तयार होते. तिच्या पहिल्या रकान्यात शंकास्पद प्रयोग, दुसऱ्यात तो कोणत्या प्रकारच्या किती फाइलींत आढळला, आणि तिसऱ्यात निर्णय: दुरुस्त करावा, स्थानिक म्हणून स्वीकारावा, किंवा दोन्ही रूपे चालवावीत. 'मानस' हा शब्द मन या अर्थाने आणि खाजनाच्या बांधावरील पाण्याचे दार या अर्थाने असा दोनदा नोंदलेला आहे. दुसऱ्या अर्थाच्या 'मानशीची दारे' या ओळीपुढे 'स्वीकारावा' असे लिहिले आहे. 'केप्यात' आणि 'केपेत' यांच्यापुढचा तिसरा रकाना मात्र मी अजून कोरा ठेवला आहे. यंदाच्या अकरावीने केपे आणि काणकोण तालुक्यांतील पंचायतींच्या सूचना गोळा करायला घेतल्या आहेत; त्या टंकून झाल्यावर तो भरायचा आहे.